मधुमेही पायांची आग, पायांचा रक्तपुरवठा आणि मज्जारज्जूचा स्टिम्युलेटर

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो. वडिलांचे वय ६६, मधुमेह २० वर्षांचा. गेली तीन वर्षे दोन्ही तळपायांची आग होते, ती रात्री वाढते आणि पांघरुणाचा स्पर्शही त्यांना नकोसा होतो. प्रीगॅबालिन आणि ड्युलोक्सेटिन ही चेतातंतूंच्या दुखण्यावरची दोन्ही औषधे चालू असूनही शांत झोप नाही. अलीकडे थोडे अंतर चालले की उजव्या पोटरीत गोळा येतो, थांबावे लागते, आणि तो पाय गार लागतो हे घरच्यांच्या लक्षात आले आहे. हृदयात स्टेंट असल्यामुळे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे क्लोपिडोग्रेल सुरू आहे; एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.६ आहे. अशा स्थितीत त्यांना पाठीच्या कण्यात बसवायचा स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूला विजेचे सौम्य ठोके देणारे यंत्र, सुचवला गेला असून त्याने आगही थांबेल आणि पायाचा रक्तप्रवाहही सुधारेल, असे सांगण्यात आले आहे. हे कितपत खरे आहे आणि यंत्र बसवून घ्यावे का, असे तुम्ही विचारता.

तळपायांची आग चेतातंतूंच्या विकाराची असेल, आणि तुमच्या वर्णनावरून ती तशीच दिसते, तर तिच्यासाठी स्टिम्युलेटर हा आज गांभीर्याने विचारात घेण्याजोगा उपाय आहे. उजव्या पोटरीतील गोळा आणि गार पाय हे मात्र वेगळे प्रकरण आहे. तिथे धमनीत अडथळा असल्याचा संशय आहे आणि त्याचा छडा लागेपर्यंत कोणतेही यंत्र बसवू नये. एका यंत्रात दोन्ही साधेल, असे मी रुग्णाला कधीही सांगत नाही. आग कमी होण्याला जेवढा अभ्यासाचा आधार आहे तेवढा रक्तप्रवाह सुधारण्याला नाही, आणि त्यावर विसंबून वेळ दवडला तर पाय गमावण्याची वेळ येते.

मधुमेहाच्या पायात दोन आजार शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांची लक्षणे झाकतात, इथूनच सगळी गुंतागुंत सुरू होते. चेतातंतूंचे दुखणे दोन्ही पायांत साधारण सारखे असते, बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्यासारखे वर चढते, आणि त्यात आग, टाचण्या टोचणे, विजेचा झटका बसणे, कापसावर चालल्यासारखे वाटणे अशा तक्रारी असतात. ते बसल्या जागीही होते आणि रात्री वाढते. धमनीच्या अडथळ्याचे दुखणे सुरुवातीला फक्त चालताना, ठरावीक अंतरानंतर, बहुधा पोटरीत येते आणि उभे राहिले की काही मिनिटांत ओसरते. अडथळा वाढला की तेही रात्रीचे होते. पाऊल आणि बोटे ठणकतात, आणि रुग्ण पलंगावरून पाय खाली सोडून बसतो, कारण पाय खाली लोंबकळला की थोडे रक्त उतरते आणि बरे वाटते. रात्री उठून बसणाऱ्या मधुमेही माणसाला त्यामुळे मी नेहमी विचारतो की आराम कशाने पडतो. उठून चार पावले चालल्याने की पाय खाली सोडल्याने? या एका उत्तराने पुष्कळ उलगडा होतो, पण तेवढ्यावर निर्णय घेता येत नाही, कारण ज्याचे चेतातंतू मेले आहेत त्याला रक्त न पोहोचल्याची कळसुद्धा पुरेशी जाणवत नाही.

गार पायाबद्दलही थोडे थांबून बोलायला हवे. रुग्ण म्हणतो पाय बर्फासारखा गार पडलाय, आणि हात लावून पाहावे तर पाऊल कोमट असते. ही चेतातंतूंची फसवी जाणीव आहे. काही मधुमेहींमध्ये तर रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणारे चेतातंतूच निकामी झाल्याने पाऊल उलट जास्त उबदार आणि कोरडे लागते. तपासताना मी हाताची मागची बाजू गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत आणि मग बोटांपर्यंत सावकाश नेतो, दोन्ही पायांवर एकाच वेळी, म्हणजे ऊब कुठे संपते आणि दोन्ही बाजूंत फरक आहे का हे कळते. तुमच्याकडे गारवा इतरांच्या हाताला लागला आहे, एकाच बाजूला आहे आणि त्याच बाजूच्या पोटरीत गोळा येतो. ही तिन्ही माहिती एकाच दिशेला बोट दाखवते. कमरेच्या मणक्यातील नळी अरुंद झाल्यानेही चालताना पाय भरून येतात, पण तिथे नुसते उभे राहून भागत नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते.

त्यामुळे पहिली भेट रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. पावलावरच्या आणि घोट्यामागच्या नाडीची तपासणी, पाय वर उचलून धरल्यावर तो पांढरा पडतो का आणि खाली सोडल्यावर लाल होतो का हे पाहणे, बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेवर भेगा किंवा जखम आहे का हे शोधणे, आणि मग डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी तपासणी. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढतात, त्याला एबीआय म्हणतात, ते ०.९ किंवा त्याहून कमी आले तर अडथळा आहे असे समजतात. मधुमेहात मात्र या चाचणीत एक मोठा सापळा आहे. धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, रक्तदाबाच्या पट्ट्याने दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटा चांगला येतो. १.४ च्या वरचा आकडा हा निरोगीपणाचा पुरावा नसून धमनी कडक झाल्याची खूण असते. अशा वेळी अंगठ्यातील रक्तदाब मोजावा, कारण बोटांच्या बारीक धमन्या बहुधा या कडकपणातून सुटलेल्या असतात. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर पाय धोक्यात आहे असे धरून तातडीने हालचाल करावी लागते. त्वचेतून प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची चाचणीही असते. जखम भरेल की नाही याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. ‘एबीआय नॉर्मल आहे’ एवढ्या एका ओळीच्या अहवालावर समाधान मानू नका, एवढीच माझी विनंती. अडथळा निघाला आणि तो अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने उघडता येण्याजोगा असेल, तर त्या उपचाराची जागा स्टिम्युलेटर घेऊ शकत नाही.

आता आगीकडे वळू. यंत्रापर्यंत जाण्याआधी औषधे खरोखर पुरती वापरून झाली आहेत का हे तपासायला हवे. प्रीगॅबालिन चालू आहे असे तुम्ही लिहिले, पण मात्रा लिहिली नाही. कित्येक रुग्ण रोज ७५ मिलिग्रॅमवर वर्षभर राहतात आणि औषध लागू पडले नाही असे समजतात. या आजारात त्याची परिणामकारक मात्रा दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, अर्थात मूत्रपिंडाचे काम पाहूनच ती ठरवायची. ड्युलोक्सेटिन ६० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचले होते का? अमिट्रिप्टिलिन हा तिसरा पर्याय आहे, पण हृदयविकार असताना तो हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांपैकी कोणत्याही औषधाने सुरुवात केली आणि गरजेप्रमाणे दुसरे जोडले तरी निकाल जवळपास सारखाच आला, आणि एकट्या औषधाने भागत नव्हते त्यांना जोडीने अधिक आराम मिळाला. म्हणून ‘दोन्ही घेऊन पाहिली’ याचा अर्थ एकामागून एक घेतली की योग्य मात्रेत एकत्र घेतली, हे विचारून घ्या. अफूजन्य वेदनाशामके या दुखण्यासाठी महिनोन्महिने घेऊ नयेत, यावर आज फारसे दुमत राहिलेले नाही.

आणखी दोन गोष्टी राहून जातात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्या कमतरतेनेही हुबेहूब असाच त्रास होतो. ही रक्तचाचणी साधी आहे आणि ती न करता कण्यात यंत्राची तार घालणे मला पटत नाही. दुसरी गोष्ट साखरेची. अनेक वर्षे वाढलेली साखर काही आठवड्यांत झपाट्याने खाली आणली तर चेतातंतूंचे दुखणे काही काळ भडकते. शस्त्रक्रियेसाठी एचबीए१सी खाली आणायचा म्हणून घाईने इन्सुलिन वाढवले आणि त्याच महिन्यात आग दुप्पट झाली, असे रुग्ण पाहण्यात येतात. साखर खाली आणा, पण सावकाश आणा.

आता या यंत्राविषयी. दुखण्याचा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोहोचतो तिथे तो पुढे जाऊ द्यायचा की अडवायचा हे ठरते, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला, आणि त्याचा आधार घेऊन अमेरिकेतील नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये मज्जारज्जूवर पहिला इलेक्ट्रोड बसवला. आजच्या पद्धतीत मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेर, कण्याच्या आतल्या मोकळ्या जागेत, बारीक तारेसारख्या एक किंवा दोन लीड सरकवतात आणि त्या त्वचेखाली ठेवलेल्या लहान बॅटरीच्या यंत्राला जोडतात. जुन्या पद्धतीत सेकंदाला ४० ते ८० ठोके दिले जातात आणि दुखऱ्या जागेवर सौम्य मुंग्या जाणवतात. नव्या पद्धतीत सेकंदाला १०,००० ठोके इतकी उच्च वारंवारता वापरली जाते आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. मज्जारज्जूतील, दुखणे दडपणाऱ्या पेशी अशा प्रवाहाने जाग्या होतात, असे त्यामागचे सध्याचे स्पष्टीकरण आहे. यंत्राने मधुमेह बरा होत नाही आणि चेतातंतूंचा मूळ विकारही थांबतो असे मानू नये. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोहोचतो, हे त्याचे मुख्य काम.

पुरावा काय आहे? २०१४ मध्ये युरोपातून दोन अभ्यास आले. एकात ६० रुग्ण होते. यंत्र बसवलेल्या ४० जणांचे दुखणे १०० पैकी सरासरी ७३ वरून सहा महिन्यांत ३१ वर आले, आणि केवळ औषधांवर असलेल्या २० जणांचे ६७ वर होते तिथेच राहिले. दुसऱ्यात ३६ रुग्ण होते. यंत्राच्या गटात ५९ टक्के जणांना आणि औषधांच्या गटात ७ टक्के जणांना ठरवलेल्या निकषाइतका लाभ झाला. याच अभ्यासात चाचणीची लीड घालताना मज्जारज्जूचे आवरण टोचले गेले आणि पुढे मेंदूभोवती रक्तस्राव होऊन एक रुग्ण दगावला. अशी घटना फार विरळा आहे, पण ती घडलेली आहे आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी ती ऐकण्याचा तुमचा हक्क आहे.

सर्वांत मोठा अभ्यास उच्च वारंवारतेच्या पद्धतीचा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात २१६ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर यंत्राच्या गटात दुखणे १० पैकी सरासरी ७.६ वरून १.७ वर आले. केवळ औषधांवर असलेल्या गटात ते ७ च्या आसपासच राहिले. दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण ८५ टक्के विरुद्ध ५ टक्के होते, आणि दोन वर्षांनीही लाभ टिकून असल्याचे पुढच्या अहवालात दिसले. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२१ मध्ये नेव्हरो कंपनीच्या आणि जानेवारी २०२२ मध्ये मेडट्रॉनिकच्या यंत्राला या आजारासाठी मान्यता दिली.

हे आकडे चांगले आहेत, आणि माझ्या रुग्णांत मी जे पाहतो त्याच्याशी त्यांची दिशा जुळते. तरीही ते वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या अभ्यासात कोणाला यंत्र बसवले आहे हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक होते. बंद ठेवलेल्या यंत्राशी तुलना केलेली नव्हती, आणि अभ्यासाचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपनीने केला होता. दुखणे हे मोजपट्टीने मोजता येत नाही, रुग्णाने सांगितलेला आकडाच धरावा लागतो, आणि शस्त्रक्रिया करून बसवलेल्या महागड्या यंत्राकडून माणूस खूप अपेक्षा ठेवतो. कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या दुखण्यावर नॉर्वेत ५० रुग्णांचा आंधळा अभ्यास झाला, म्हणजे यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णाला कळू न देता केलेला, वेगळ्या प्रकारच्या उत्तेजनाचा, आणि २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या निकालात चालू आणि बंद यंत्रांत ठळक फरक आढळला नाही. तो आजार वेगळा आणि पद्धत वेगळी, म्हणून तो निकाल उचलून इथे लावता येणार नाही. पण मधुमेहाच्या दुखण्यावर तसा अभ्यास मोठ्या प्रमाणावर व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. तोवर ८५ टक्के हा आकडा रुग्णाला वचन म्हणून देऊ नये. औषधांवर दीर्घकाळ काढूनही जे दुखणे हलले नाही ते दोन वर्षे इतके कमी राहते, याचे सगळे श्रेय केवळ अपेक्षेला देणेही मला जड जाते.

२०२१ च्या त्याच अभ्यासात यंत्राच्या गटातील सुमारे ६२ टक्के जणांची संवेदना किंवा प्रतिक्षिप्त क्रिया सुधारल्याचे डॉक्टरांना आढळले. बधिर पाय पुन्हा जागे होतात असा प्रचार यावरून सुरू झाला आहे. निरीक्षण कुतूहलाचे आहे, पण तपासणाऱ्याला गट माहीत होता, आणि बधिरता घालवण्यासाठी म्हणून कोणी हे यंत्र बसवून घेऊ नये. ज्याच्या पायात दुखणे नाही, नुसता बधिरपणा आहे, त्याला मी नकार देतो.

रक्तप्रवाहाचा मुद्दा नवा नाही. १९७६ मध्येच कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जूच्या उत्तेजनाने पायांचा रक्तपुरवठा सुधारल्याचे नोंदवले होते. कारणही समजण्यासारखे आहे. उत्तेजनाने संवेदनेच्या बारीक चेतातंतूंत उलट्या दिशेने संदेश जातो, त्यांच्या टोकांशी रक्तवाहिन्या सैल करणारी द्रव्ये सुटतात, आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या यंत्रणेचा जोर कमी होतो. त्वचेतील सूक्ष्म रक्तप्रवाह त्यामुळे वाढू शकतो. पण मांडीतील किंवा पोटरीतील मुख्य धमनी चरबी आणि कॅल्शियमने बुजलेली असेल तर ती यामुळे उघडत नाही. नळ बंद असताना बागेतले पाट कितीही रुंद केले तरी पाणी येणार कुठून? शिवाय ज्या बारीक चेतातंतूंच्या मार्गाने हा परिणाम घडायचा, नेमके तेच मधुमेहात सर्वांत आधी झडतात. म्हणून मधुमेह नसलेल्या पायात दिसलेला परिणाम मधुमेही पायात तितकाच दिसेल असे गृहीत धरता येत नाही.

प्रत्यक्ष अभ्यास काय सांगतात? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधील १२० रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या धमन्या शस्त्रक्रियेने उघडणे शक्य नव्हते अशांना यंत्र बसवूनही पाय कापावा लागण्याचे प्रमाण औषधोपचाराच्या तुलनेत ठळकपणे कमी झाले नाही. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने घेतलेल्या आढाव्यात वर्षअखेर पाय वाचण्याचे प्रमाण काहीसे जास्त दिसले, साधारण नऊ जणांना यंत्र लावावे तेव्हा एकाचा पाय अधिक वाचतो इतके. आणि यंत्राशी निगडित गुंतागुंतही कमी नव्हती. इतर काही संशोधकांनी त्याच माहितीचे वेगळ्या रीतीने विश्लेषण करून लाभ सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ मध्ये चेतातंतूंच्या दुखण्यासाठी हे यंत्र मान्य केले, पण रक्तपुरवठ्याअभावी होणाऱ्या दुखण्यासाठी संशोधनाबाहेर ते वापरू नये असे सांगितले. २०१९ च्या जागतिक रक्तवाहिनी मार्गदर्शक तत्त्वांत, धमनी उघडणे अशक्य असलेल्या निवडक रुग्णांत त्याचा विचार करावा, अशी सौम्य शिफारस आहे. म्हणजे ज्यांना दुसरा मार्ग उरलेला नाही आणि ज्यांच्या त्वचेतील प्राणवायू अजून पूर्ण संपलेला नाही, त्यांच्यापैकी काहींना दुखणे कमी होण्यासाठी आणि कदाचित पाय टिकण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. तुमचे वडील त्या यादीत बसतात की नाही हे अजून कोणी तपासलेलेच नाही.

याला जोडून एक भीती सांगतो, जी माझ्या मते या चर्चेत फार क्वचित बोलली जाते. दुखणे हा रक्तपुरवठा कमी पडत असल्याचा शेवटचा इशारा असू शकतो. यंत्राने आग थांबली, रुग्ण खूश होऊन जास्त चालू लागला, आणि त्या बधिर पायाला बुटाने लागले तर ते कळणार कोणाला? म्हणून रक्तपुरवठ्याची तपासणी यंत्राआधी, आणि यंत्र बसल्यावर रोज रात्री तळपाय डोळ्यांनी पाहणे, ही माझी अट असते. वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहायचे.

सगळे तपासून निर्णय यंत्राकडे झुकला तर आधी तात्पुरती चाचणी होते, आणि या उपचाराची सर्वांत चांगली बाजू हीच आहे की कायमचे काही बसवण्याआधी तो आपल्याला लागू पडतो का हे पाहता येते. रुग्णाला पोटावर झोपवतात, जागा बधिर करतात, आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत कमरेच्या वरच्या भागातून तिरकी सुई कण्याच्या पोकळीत नेतात. सिरिंजच्या दट्ट्याला लागणारा विरोध अचानक नाहीसा होतो, तेव्हा योग्य जागी पोहोचल्याचे बोटांना कळते. मग लीड मध्यरेषेवरून वर सरकवत छातीच्या खालच्या मणक्यांपर्यंत, साधारण आठव्या ते अकराव्यापर्यंत नेतात. मुंग्यांची पद्धत असेल तर रुग्णाला जागे ठेवून विचारावे लागते की मुंग्या नेमक्या कुठे येतात, आणि त्या तळव्यापर्यंत पोहोचेपर्यंत लीड मिलिमीटरने हलवावी लागते. उच्च वारंवारतेत हा संवाद लागत नाही. त्याआधी पाठीच्या त्या भागाचा एमआरआय पाहिलेला असावा. तिथेच नळी अरुंद असेल तर लीडला जागाच नसते.

सुमारे आठवडाभर लीडचे टोक बाहेर राहते, यंत्र पट्ट्याला लावलेले असते, आणि रुग्ण घरी नेहमीचे जगणे जगतो. दुखणे निम्म्याने कमी झाले तर चाचणी यशस्वी, असा सर्वमान्य नियम आहे. मला तो अपुरा वाटतो. १० पैकी ८ चे ४ झाले असे रुग्ण उत्साहात सांगतो, पण रात्री किती तास सलग झोपला, न थांबता किती चालला, पायावर पांघरूण घेतले का, रात्रीची जादा गोळी लागली का, हे मी घरच्यांकडून लिहून घेतो. आकडा आणि हे जगणे जुळत नसेल तर मी थांबतो. वडिलांनी चाचणीच्या दोन दिवस आधीपासून ही नोंद ठेवावी, म्हणजे तुलना करता येईल.

तुमच्या बाबतीत क्लोपिडोग्रेल हा मोठा प्रश्न आहे. कण्यात रक्तस्राव झाला तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो, म्हणून हे औषध सुई घालण्याआधी साधारण सात दिवस बंद करावे लागते आणि चाचणीची लीड बाहेर निघेपर्यंत सुरू करता येत नाही. म्हणजे सलग दोन आठवडे औषधाविना, आणि कायमच्या यंत्राच्या वेळी पुन्हा खंड. स्टेंट कधी बसवला आहे यावर हे परवडेल का हे अवलंबून आहे. तो अलीकडचा असेल तर पायाची आग थांबवण्यासाठी हृदय धोक्यात घालू नये. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी द्यावा, आणि त्यात अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायचे की नाही हेही असावे. स्वतःहून गोळी बंद करायची नाही.

कायमच्या यंत्रासाठी बॅटरी नितंबाच्या वरच्या भागात किंवा कमरेच्या बाजूला त्वचेखाली ठेवतात. सुरुवातीचे सुमारे सहा आठवडे वाकणे, वळणे, हात उंच ताणणे टाळावे लागते, नाहीतर लीड जागेवरून सरकते. जंतुसंसर्ग हा मधुमेहात खरा धोका. २०२१ च्या अभ्यासाच्या दोन वर्षांच्या अहवालात यंत्र बसवलेल्या १५४ जणांपैकी ८ जणांना संसर्ग झाला आणि त्यांतील ५ जणांचे यंत्र काढावे लागले. त्या अभ्यासात एचबीए१सी १० च्या वर असलेल्यांना घेतलेच नव्हते. ८.६ त्या मर्यादेत बसतो, तरी शस्त्रक्रियेआधी तो हळूहळू ८ च्या खाली आणावा असे मी सुचवेन. चार्जिंगच्या यंत्राला नियमित चार्ज करावे लागते, ते वडिलांना स्वतः जमेल का हेही पाहा. पुढे एमआरआय करायचा झाल्यास यंत्राचे मॉडेल सांगावे लागते, कारण प्रत्येक यंत्राच्या अटी वेगळ्या असतात; आणि फिजिओथेरपीतील डायथर्मीचा (विद्युतलहरींनी दिलेला) शेक कायमचा वर्ज्य. पेसमेकर बसवलेला असल्यास तेही आधीच सांगावे.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा दिसतो. या आठवड्यात रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि अंगठ्याचा रक्तदाब. पायावर कुठेही काळसर डाग, जखम किंवा पू दिसला, किंवा न चालताही पाऊल ठणकू लागले, तर भेटीची तारीख न पाहता त्याच दिवशी रुग्णालय. बी१२, मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि औषधांच्या मात्रांचा फेरविचार याच काळात होऊ शकतो. तंबाखू किंवा धूम्रपान असेल तर ते पूर्ण बंद, कारण त्याशिवाय उघडलेली धमनीही टिकत नाही. धमनीत मोठा अडथळा निघाल्यास आधी ती उघडून घ्या आणि आगीचे मूल्यमापन त्यानंतर काही आठवड्यांनी नव्याने करा. रात्रीच्या दुखण्याचा काही भाग रक्तपुरवठ्याचा असेल तर तो तेवढ्यानेच कमी होईल, आणि जे उरेल ते खरे चेतातंतूंचे. अडथळा नगण्य निघाला, योग्य मात्रेतील दोन औषधांनीही दुखणे १० पैकी ५ च्या वर राहिले आणि हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोपिडोग्रेल थांबवण्यास हिरवा कंदील दाखवला, तर चाचणी जरूर करून पाहा. ६६ हे वय त्याला अजिबात आड येत नाही.